झेरॉक्स देण्याआधी पेन काढा

चार-पाच वर्षांपूर्वी नाशिकच्या गोदाघाटावर भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली होती. शेंगा संपल्यावर सवयीने पुडी उलगडली, तर आत एका बाईंचं आधारकार्ड. फोटो, जेलरोडचा पत्ता, बारा आकडे, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. ती दिसली आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण रेघ माझ्याच दुकानातल्या झेरॉक्स मशिनची. त्या दिवसांत ड्रमवर ओरखडा पडला होता. नवा ड्रम महाग म्हणून मी चालढकल करत होते, आणि निघणाऱ्या प्रत्येक पानावर ती रेघ उमटत होती.

वाकडी आलेली, फिकट आलेली पानं मी टेबलाखालच्या खोक्यात टाकायचे आणि महिनाअखेर रद्दीवाल्याला किलोवर द्यायचे. सगळेच तसं करतात, असं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या बाईंना मी शोधलं नाही, शोधून काय सांगणार होते? पुडी घरी आणून फाडली आणि दुसऱ्या दिवशी कागद कापायचं छोटं मशीन घेतलं.

दुकान सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्ट आणि कलेक्टर कचेरीच्या टापूत. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. वीस वर्षं होत आली. मी वकील नाही. पण वकिलांचे अर्ज, दावे, निकाल माझ्या काचेवरून जातात, आणि गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचते. या विषयावरचे कायदे असेच छापता छापता वाचले, न कळलेलं समोरच्या टेबलावरच्या वकीलसाहेबांना विचारलं. काउंटरवर रोज दहा जणांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते.

कुठे लिहायचं, कुठे नाही

कागदी झेरॉक्स कुणालाही देताना तिच्यावर कारण लिहा. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण लिहितात खालच्या पांढऱ्या जागेत. तिथे लिहिलेलं कुचकामी. का ते दाखवते. सातबाऱ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलने फोन नंबर लिहिलेला असतो, गिऱ्हाइकाला तो नको असतो. मी त्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवते, झाकण खाली, बटण. नंबर गायब, आणि तिथे काही होतं हे कुणाला कळतही नाही. तुमचं ‘फक्त अमुक कामासाठी’ असंच दोन रुपयांत उडवता येतं.

म्हणून लिहायचं ते छपाईवरून, तिरकं. पत्त्याच्या ओळी कापत, फोटोच्या कडेला शाई लागेल असं. चेहरा आणि वाचायचे आकडे मोकळे ठेवा, बाकी खुशाल जाऊ द्या. मजकूर असा: ‘फक्त भाडेकरार नोंदणीसाठी, पाथर्डी फाटा येथील फ्लॅट, दिनांक, सही’. ‘केवायसीसाठी’ एवढंच लिहिलं तर ती प्रत कुठल्याही केवायसीला चालते. काम, ठिकाण आणि तारीख तिन्ही हवीत. पेन काळं घ्या, निळी शाई फिकट सेटिंगवर पुसट होते.

काही कचेऱ्यांत ‘खाडाखोड चालणार नाही’ म्हणतात. भांडू नका. स्वसाक्षांकित प्रत त्यांना हवीच असते, म्हणजे सही तुम्ही करणारच. त्या सहीच्याच ओळीत कारण लिहा. सहीला खाडाखोड म्हणणारा कारकून मला अजून भेटलेला नाही.

बारा आकडे सगळ्यांना कशाला

मास्क्ड आधार म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं आणि शेवटचे चारच दिसणारं आधार. आधार देणाऱ्या यूआयडीएआय प्राधिकरणाच्या मायआधार संकेतस्थळावर आधार डाऊनलोड करताना मास्क्डचा चौकोन असतो, त्यावर टिक करायची. मोबाइलवर ओटीपी येतो, पीडीएफ उतरते. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार कॅपिटल इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. आता बघा, हा पासवर्ड सगळ्या देशाला ठाऊक आहे. तुमचं नाव आणि वय माहीत असलेला कुणीही ती फाईल उघडू शकतो. तरी लोक फाईल पाठवतात आणि त्याच चॅटमध्ये खाली पासवर्डही लिहितात!

मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. दोन दिवसांत गोंधळ माजला आणि ‘चुकीचा अर्थ निघू शकतो’ म्हणून पत्रक मागे घेतलं. त्या दोन दिवसांत माझ्याकडे मास्क्ड प्रिंटसाठी रांग होती, तिसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण आधार, पुढे-मागे एकाच पानावर सुरू. पत्रक मागे गेलं, पण मास्क्ड आधार होतं तिथेच आहे आणि ओळख पटवायला चालतं.

आधारच हवं असा हट्ट कोण धरू शकतं? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा टिकवला, पण खासगी कंपन्यांना आधार वापरायची मोकळीक देणारं कलम ५७ तेवढ्यापुरतं रद्द केलं. पॅन आणि सरकारी अनुदानासाठी आधार राहिलं. शाळाप्रवेश आधार नाही म्हणून अडवता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बँक आणि सिमकार्डासाठी आधारची वाट पुन्हा उघडली, पण ग्राहकाच्या मर्जीने. तेव्हा कुणी ‘आधारच पाहिजे’ म्हणालं की आधी लायसन्स किंवा मतदान कार्ड पुढे करा. निम्म्या वेळा मुकाट्याने घेतात.

लॉजवाल्यांच्या माळ्यावरच्या फायली

पंचवटीतले एक लॉजवाले माझं जुनं गिऱ्हाईक. सिंहस्थाची तयारी म्हणून दोन पोती फायली घेऊन रिक्षाने आले. तीन वर्षांच्या पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स.

“ताई, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका. ड्राइव्हवर ठेवतो, माळा मोकळा होईल.”

मी म्हटलं, “दादा, हे कागद माळ्यावर आहेत तोवर नवा कायदा तुमच्याकडे बघणार नाही. मी स्कॅन केलं की बघेल.”

त्यांना वाटलं मी काम टाळतेय. पण कायदा खरंच तसा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३, राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ची. तो लागतो डिजिटल रूपातल्या माहितीला, किंवा आधी कागदावर घेऊन मग डिजिटल केलेल्या माहितीला. नुसत्या कागदाला नाही. म्हणूनच कागदावर पेन चालवायचं म्हणते, तिथे तुमच्या मदतीला दुसरं फारसं कुणी नाही. मोबाइलने फोटो काढला, स्कॅन केला, एक्सेलमध्ये नाव चढवलं, की कायद्याचा उंबरा ओलांडला.

“म्हणजे स्कॅन करून मीच फसतो?”

“फसत नाही, जबाबदार होता.”

जबाबदार म्हणजे काय, तर माहिती कशासाठी घेतली ते सांगायचं, तेवढ्यासाठीच वापरायची, सांभाळायची आणि काम संपल्यावर पुसायची. सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये. वीस खोल्यांच्या लॉजला कुणी २५० कोटी लावणार नाही, दंड ठरवताना चूक किती गंभीर आणि दंड झेपेल का हे बघायचं आहे. पण आकडा ऐकून ते खाली बसले हे खरं.

पाहुण्यांची नोंद पोलिसांसाठी ठेवावी लागते, त्याबद्दल वाद नाही. पण नोंद म्हणजे बहुधा रजिस्टरात नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार आणि सही. तीन वर्षांपूर्वीच्या नगरच्या कुटुंबाची पुढे-मागे झेरॉक्स कशाला? शेवटी त्यांनी एका वर्षाच्या फायली परत नेल्या आणि बाकीच्या माझ्या मशिनवर कापल्या. तीन दुपारी गेल्या त्यात, मशीन दोनदा तापून बंद पडलं.

कायद्याने तुमच्या हातात काय दिलं

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी एकमताने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, पुट्टस्वामी प्रकरणात. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आधारविरुद्ध कोर्टात गेले होते. २०२३ चा कायदा त्या निकालानंतर सहा वर्षांनी आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि तेही टप्प्याटप्प्याने: तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्या अधिसूचनेप्रमाणे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. आपल्याकडचं सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान ऑगस्ट २०२७ मध्ये. लॉजवाल्यांना मी तारीख अशीच लक्षात ठेवायला सांगते.

ही बंधनं लागू झाल्यावर काउंटरवर उपयोगी पडतील अशा चारच गोष्टी सांगते. संमती मागताना सूचना साध्या भाषेत हवी, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा. त्या बावीस भाषांत मराठी आहे, तेव्हा ‘मराठीत दाखवा’ हे म्हणणं मेहेरबानी मागणं नव्हे. दुसरं, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. एका टिकेने घेतलेली संमती काढायला पाच मेल लिहायला लावणं बसत नाही. तिसरं, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे हे विचारता येतं, चूक दुरुस्त करायला आणि पुसायला सांगता येतं. चौथं अठरा वर्षांखालच्या मुलांचं: आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासचे फॉर्म माझ्याकडे भरले जातात, त्यात आईचा पगार, वडिलांची नोकरी, घर स्वतःचं की भाड्याचं असले रकाने असतात. भूमितीचा आणि घरभाड्याचा काय संबंध? तो रकाना मी रिकामा सोडायला सांगते. आजवर त्यावरून कुणाचा प्रवेश अडलेला नाही.

बिलाच्या काउंटरवर मोबाइल नंबर मागतात, त्याचंही तेच. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असं अडवू नका, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं होतं. ‘नंबर नाही देत’ एवढं म्हणून गप्प राहा. मुलगी दोन सेकंद बघते आणि आपल्या मनाने काहीतरी टाकते.

आता माझी तक्रार. नव्या कायद्यातला दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया नाही. आजवर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३-अ खाली भरपाई मागता येत होती, पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. नवा कायदा पुरता लागू झाला की हे कलम जाणार. भरपाईचा दावा करण्यासारखं प्रकरण कुणाकडे असेल तर मे २०२७ ची वाट पाहू नका, वकील गाठा.

आणि एक बाजू सांगायलाच हवी, कारण माहिती अधिकाराचे अर्ज टाइप करून घेणारे माझे गिऱ्हाईक आहेत. याच २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का ते बघावं लागे, आता ‘वैयक्तिक’ एवढं म्हणून नाकारता येतं. हा भाग मात्र नोव्हेंबर २०२५ पासून लगेच लागू, त्याला अठरा महिने थांबावं लागलं नाही. अर्ज करताना कलम ८(२) चा उल्लेख करा, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे त्यात अजून आहे.

दुकानातलं कॉम्प्युटर म्हणजे चावडी

“व्हॉट्सअ‍ॅप करा, प्रिंट काढतो” हे आता सगळ्या झेरॉक्सवाल्यांचं पालुपद. मीही म्हणते. पण पाठवलेली फाईल कुठे कुठे राहते ते ऐका. चॅटमध्ये एक, कॉम्प्युटरच्या डाऊनलोड्समध्ये एक, दुकानाच्या मोबाइलच्या गॅलरीत एक, कधी प्रिंटरच्या रांगेत अडकलेली एक. मोठ्या मल्टिफंक्शन मशिनमध्ये हार्ड डिस्क असते, तिच्यावर आणखी एक असू शकते. मी जुनं मशीन विकलं तेव्हा डिस्क काढून घेतली, घेणाऱ्याने त्यापायी भाव पाडला.

म्हणून शक्य असेल तर फाईल पेनड्राइव्हवर आणा आणि थेट त्यावरूनच प्रिंट काढायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपच करायचं असेल तर मास्क्ड आधार पाठवा, प्रिंट हातात आली की ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा आणि दुकानदाराला सांगा, “ताई, डाऊनलोड्समधूनही उडवा, रीसायकल बिनमधूनही.” तुमच्यासमोर उडवायला लावा, लाजू नका. माझ्याकडे रात्री शटर ओढण्याआधी पोरगा तो फोल्डर रिकामा करतो. पण हे माझ्या दुकानातलं झालं, पुढच्या गल्लीतलं मला माहीत नाही.

याहून वाईट म्हणजे लोक आमच्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप वेब, जीमेल उघडतात आणि बस लागली की तसेच पळतात. एकदा सटाण्याच्या एका आजोबांचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या स्क्रीनवर दोन तास चालू होतं, सुनेचे मेसेज येत होते. फोन करून मीच सांगितलं: व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वरचे तीन ठिपके (आयफोनवर सेटिंग्ज), लिंक्ड डिव्हायसेस, जे ओळखीचं नाही त्यावर बोट ठेवून लॉग आऊट. तुम्हीही आत्ताच बघा. तिथे ‘विंडोज’ दिसलं आणि तुमच्या घरी कॉम्प्युटरच नसेल, तर कुठल्यातरी काउंटरवर तुमचं घर उघडं आहे.

झेरॉक्स चुकीच्या हातात पडली की बहुतेक वेळा सिमकार्ड निघतं. संचार साथी संकेतस्थळावर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरची सगळी कनेक्शनं दिसतात. अंबडच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या एका काकांना तिथे चार नंबर दिसले, वापरात दोन. तिसरा मुलाने घेतलेला निघाला. चौथ्यासमोर ‘माझा नंबर नाही’ दाबलं. आधार कुठे वापरलं गेलं त्याची सहा महिन्यांची नोंद मायआधारवर दिसते आणि बोटांचे ठसे तिथेच लॉक करता येतात. अंगठा लावून पैसे काढत नसाल तर लॉकच ठेवा.

माझा स्वतःचा कॅमेरा

दुकानात एकाची छत्री हरवली म्हणून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघत होते. छत्री मिळाली नाही, पण दुसरंच दिसलं. कॅमेरा काउंटरच्या बरोबर डोक्यावर. मी चित्र मोठं केलं तर काचेवर ठेवलेल्या पासबुकचा खातेनंबर वाचता आला, आणि एक मुलगा फोनवर यूपीआयचा पिन टाकत होता ती बोटंसुद्धा. महिनाभराचे पिन माझ्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, पडून होते. आणि डीव्हीआरचा पासवर्ड? बसवणाऱ्याने दिलेला, बदललेलाच नाही.

त्याच दिवशी कॅमेरा दाराकडे वळवला. तुम्ही दुकानात किंवा सोसायटीत कॅमेरा बसवणार असाल तर बसवणारा जायच्या आधी ही कामं करून घ्या: पासवर्ड बदला, माणसं दिसतील पण कागद आणि फोनचे पडदे दिसणार नाहीत असा कोन ठेवा, रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याचे दिवस ठरवा आणि ‘येथे कॅमेरा आहे’ ही पाटी मराठीत लावा. लाइव्ह चित्र किती जणांच्या मोबाइलवर आहे तेही मोजा. आमच्या सोसायटीत ते कमिटीच्या नऊ जणांकडे होतं, त्यातले दोघे आता कमिटीतही नाहीत.

पोलीस फुटेज मागायला आले तर द्यायचंच, तपासासाठी मागण्याचा अधिकार त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ने आहे. पण लेखी मागा म्हणावं, आणि काय दिलं, कुणाला, किती वाजल्यापासूनचं याची पोच घ्यावी. शेजाऱ्याने मागितलं तर कमिटीकडे अर्ज. सोसायटीच्या ग्रुपवर फुटेज टाकून ‘हा कोण?’ विचारणं बंद करा. गेल्या दिवाळीत तो चोर म्हणजे बी विंगमधल्यांचा जावई निघाला.

घाटावर, लॉजमध्ये, कपडे बदलायच्या जागी कॅमेरा किंवा मोबाइल असेल तर ती गोष्टच वेगळी. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. वाद घालत बसू नका, सरळ ११२ लावा.

“ताई, सीडीआर काढून मिळेल का?”

दुपारची वेळ, दुकान रिकामं. चाळिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट. काउंटरवर पाचशेच्या चार नोटा ठेवल्या आणि खालच्या आवाजात विचारलं. सीडीआर म्हणजे कॉल डिटेल, कुणाशी कधी बोलणं झालं त्याची यादी; ती बायकोच्या नंबरची हवी होती. नाही म्हटल्यावर, “मग तिच्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून द्या, मेसेज इकडे येणारं.”

त्याला मी जे सांगितलं ते असं. कॉल डिटेल पोलिसांना तपासासाठी रीतसर मिळते, नवऱ्याला नाही. जो विकतो तो चोरून विकतो आणि तो पकडला गेला की त्याच्या यादीत गिऱ्हाइकाचं नाव असतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं ६६-सी. बाईच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येऊ शकतं. लग्न झालंय म्हणून यातलं काही माफ होत नाही.

“पण कोर्ट तर रेकॉर्डिंग घेतं म्हणतात.” तेही खरं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नवरा-बायकोच्या वादात एकाने गुपचूप केलेलं आपसातल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं. पण ते बोलणं त्या दोघांमधलं. ती आईशी, मैत्रिणीशी काय बोलते ते चोरून ऐकायचा परवाना त्यातून कुणाला मिळालेला नाही. रेकॉर्डिंग दाखल करायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, फोन कुणाचा, फाईल कशी काढली, तिची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे पटवणारा आकडा) काय. ती प्रमाणपत्रं मी रोज छापते. चोरलेल्या फाईलवर सही घेताना वकील कसे दचकतात तेही बघते.

त्याने नोटा उचलल्या आणि गेला. दुसरीकडे गेला असेल.

याच्या उलट बाजूचे लोकही येतात. “फोनवर खटखट ऐकू येतं, टॅप होतोय.” खटखट नेटवर्कची असते. सरकारला फोन ऐकायचा असेल तर दूरसंचार अधिनियम, २०२३ चं कलम २० आणि डिसेंबर २०२४ चे नियम आहेत: आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा, एकावेळी साठ दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०, आणि वर आढावा समिती. या अटींचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या निकालात आहे. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न त्यात नव्हता. गोम अशी की तुमचा फोन ऐकला जातोय हे तुम्हाला कुणी कळवत नाही, आणि आढावा समितीत सगळे सरकारी अधिकारीच. नव्या डेटा कायद्यातही सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. त्यावर आपल्या काउंटरवरून करण्यासारखं फार नाही. घरातल्या कुणाच्या हातात तुमचा फोन आणि पिन दोन्ही असतात का, हे आधी बघा.

तक्रार लिहायची तर

पैसे गेले असतील तर आधी १९३०, लगेच. मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तर फोन कट करा, असली अटक कुठल्या कायद्यात नाही.

पैसे गेलेले नाहीत, फक्त माहिती कुणाकडे पडून आहे, तेव्हा अर्ज. मी हा नमुना कॉम्प्युटरवर तयार ठेवलाय, तुम्ही हाताने लिहिलात तरी चालेल:

‘मी दि. … रोजी … या कामासाठी आपणास माझ्या आधारची प्रत व मोबाइल नंबर दिला होता. ते काम दि. … रोजी संपले आहे. आपल्याकडील कागदी प्रत, स्कॅन, मोबाइलमधील फोटो व संगणकातील नोंद नष्ट करावी. ठेवणे कायद्याने आवश्यक असल्यास कोणत्या तरतुदीने व किती काळ, हे लेखी कळवावे. ही माहिती आणखी कोणास दिली असल्यास त्यांची नावे द्यावीत.’

शेवटचं वाक्य गाळू नका, उत्तर येतं ते बहुधा त्या वाक्याच्या धास्तीने. कंपनी असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तो नेमावाच लागतो आणि महिन्यात उत्तर द्यावं लागतं. नव्या नियमांत ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत आहे, म्हणजे कंपन्यांचं फावलंच. त्यानंतरही दाद लागली नाही तर मे २०२७ पासून डेटा संरक्षण मंडळ, तिथलं काम ऑनलाइन चालायचं आहे, दिल्लीला जायला नको. खोटी किंवा उगाच त्रास द्यायला तक्रार केली तर तुम्हालाही दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा तारखा नीट लिहा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि तारीख. पोचेवर मात्र ‘फक्त अमुक कामासाठी’ लिहायची गरज नाही.